फोल्डर आला, सॉफ्टवेअर का नाही आलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि मोंढ्यातले, कोर्टासमोरचे, तहसीलच्या आवारातले कितीतरी कॉम्प्युटर बसल्या जागी जुने ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे आठ-दहा वर्षं मुकाट्यानं शेतमाल विक्रीच्या पट्ट्या छापणारं यंत्र धडधाकट असलं तरी बदलावं लागतं. नवा कॉम्प्युटर आणणं सोपं, पैसे मोजले की झालं. जुन्यावरची सॉफ्टवेअरं त्यावर आणायची म्हटलं की गंमत सुरू होते.

मग फोन येतो. "भैय्या, समदं कॉपी केलंय पेनड्राइव्हवर. आयकॉन बी दिसायलंय. पण डबल क्लिक केलं की कायतरी ओसीएक्स म्हणायलंय अन् बंद पडायलंय."

कॉपी करणाऱ्याचा यात दोष नाही. फोटो, एक्सेलची फाइल, गाणी ही सगळी अशीच नेली की चालतात. मग प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर नेला तर सॉफ्टवेअर का चालू नये? कारण सॉफ्टवेअर त्या फोल्डरात मावत नाही. सेटअप चालवताना आपण नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करत जातो. तेवढ्या वेळात ते आपलं सामान सगळ्या घरभर मांडून मोकळं होतं. मुख्य फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये जातात. इतर सॉफ्टवेअरांनाही लागणाऱ्या सामायिक फाइली विंडोजच्या सिस्टम फोल्डरात जातात. तुमची सेटिंगं ॲपडेटा नावाच्या फोल्डरात बसतात, आणि तो विंडोज मुद्दाम लपवून ठेवतं. शिवाय कोणता घटक कुठे ठेवलाय, कोणती फाइल कशानं उघडायची, लायसन्स कुणाच्या नावावर आहे, असल्या शेकडो नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, पडतात. रजिस्ट्री फोल्डरासोबत कॉपी होत नाही.

विहिरीवरची मोटर काढून नव्या बोअरवर नेली म्हणून लगेच पाणी येत नाही, तसंच हे. पाइप, केबल, स्टार्टर जुन्या विहिरीवरच राहिलेले असतात. वीजजोडणी जुन्या गट नंबरावर असते. आणि मोनोब्लॉक मोटर बोअरात उतरतही नाही. कॉम्प्युटर बदलताना याच तीन ठिकाणी अडतं: इकडेतिकडे विखुरलेले भाग, परवाना, आणि नव्या यंत्राशी जुळणं.

मोबाइल बदलला तर ॲप आपोआप येतात, मग इथेच काय अडतं, असं पोरं विचारतात. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतःची बंद जागा दिलेली असते, त्याबाहेर त्याला फारसा हात घालता येत नाही. नव्या मोबाइलवर तुमचं जुनं ॲप उचलून येत नाहीच. प्ले स्टोअरवरून ते पुन्हा उतरवलं जातं आणि त्यात तुमची माहिती भरली जाते. तिथेही बँकेचं ॲप पुन्हा सिमची खात्री करून घेतंच. विंडोजची पद्धत त्याआधीची. तीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरनं कुठेही हात घातला तरी चालत होतं, आणि ते आजही चालावं म्हणून विंडोज बराच खटाटोप करतं.

टॅली, ऑफिस, क्रोम यांच्यासारखी मोठी सॉफ्टवेअरं हलवणं त्यामानानं सोपं. कंपनीच्या साइटवरून सेटअप घ्यायचा, नवीन बसवायचं, डेटा आणून जोडायचा. खरा जीव अडकतो तो गावातल्याच कुणीतरी लिहून दिलेल्या सॉफ्टवेअरात. आमच्याकडे आडत दुकानं, पतसंस्था, खत-बियाण्यांची दुकानं यांच्यात अशी सॉफ्टवेअरं अजून सर्रास दिसतात. बहुतेक व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेली. ही भाषा १९९८ सालची. डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या एमडीबी फाइलीत. लिहून देणारा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, सेटअपची सीडी कुठल्या तरी कपाटात बुरशी खात पडली. पण सोयाबीन आलं की शेतकऱ्याची पट्टी त्यातच निघते: वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात रोख किती.

असं एक सॉफ्टवेअर हलवताना काय काय वर येतं ते जवळून पाहू.

पहिला अडथळा तो फोनवरचा ओसीएक्स. व्हिज्युअल बेसिकच्या सॉफ्टवेअरातले तक्ते, टॅब, यादीचे चौकोन हे स्वतंत्र फाइलींमध्ये असतात. त्या फाइली सिस्टम फोल्डरात हव्यात, आणि 'मी इथे आहे' ही नोंद रजिस्ट्रीत हवी. नुसती फाइल आणून टाकली तर अर्धंच काम झालं. नोंद करण्यासाठी विंडोजची रेगएसव्हीआर३२ ही छोटी आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी लागते. इथे मायक्रोसॉफ्टनं एक उलटा कारभार करून ठेवलाय. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात, आणि व्हिज्युअल बेसिकच्या या जुन्या सॉफ्टवेअराला लागणाऱ्या ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात. नावं वाचून फाइल टाकणारा हमखास चुकीच्या घरात टाकतो. डेटाबेसची वाट सांगणाऱ्या ओडीबीसीच्याही अशाच दोन खिडक्या आहेत. ६४ बिटच्या खिडकीत केलेली नोंद ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला सहसा दिसतच नाही, आणि मालक म्हणतो, "टाकलंय की बरोबर!"

दुसरा अडथळा जास्त घातक आहे, कारण तो अडथळा आहे असंच आधी वाटत नाही. सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर उघडतं, पासवर्ड घेतं, आणि आत शेतकऱ्यांची यादी रिकामी. किंवा अगदी पहिल्या दिवशी चाचणीला भरलेल्या दोन-चार नोंदी. जुन्यावर जाऊन बघावं तर तिथे सगळं जिथल्या तिथे. मुनीम म्हणतो पेनड्राइव्ह खराब आहे. मग पेनड्राइव्ह बदलतात, परत कॉपी करतात, परत तेच.

अशा वेळी एमडीबी फाइलीची तारीख बघावी. प्रोग्राम फाइल्समधल्या फाइलीवर सॉफ्टवेअर बसवलं त्या साली बदल झाल्याची तारीख असेल, तर खरा डेटा तिथे नाहीच. झालेलं असं असतं: जुन्या काळी सॉफ्टवेअरं आपला डेटा आपल्याच फोल्डरात लिहायची. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला साध्या युजरला बंदी केली. पण मग जुनी सॉफ्टवेअरं बंद पडली असती, म्हणून एक पळवाट ठेवली. सॉफ्टवेअर लिहायला गेलं की विंडोज गुपचूप त्या फाइलीची एक प्रत वापरणाऱ्याच्या ॲपडेटात, लोकल फोल्डरातल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या जागी बनवतं आणि पुढचं सगळं लिखाण तिथे करतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. मुनीमजींना वाटतं डेटा सी ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरात आहे. वर्षानुवर्षं बॅकअप म्हणून तोच फोल्डर पेनड्राइव्हवर जात राहतो, म्हणजे बॅकअपही रिकामाच.

आणि हे प्रत्येक विंडोज युजरचं वेगळं असतं. मालक आपल्या नावानं आणि मुनीम आपल्या नावानं लॉगइन करत असतील, तर एकाच सॉफ्टवेअरचे दोन वेगळे हिशोब तयार झालेले असू शकतात. म्हणून जुना कॉम्प्युटर बंद करण्याआधी सी ड्राइव्हवर सगळ्या एमडीबी फाइली शोधायच्या, लपलेल्या फोल्डरांसकट, आणि आकार व तारीख लावून बघायच्या. सगळ्यात ताजी आणि जाडजूड असेल ती सहसा आपली. नव्या कॉम्प्युटरवर असं सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवूच नये. डी ड्राइव्हवर एक साधा फोल्डर करून त्यात ठेवावं, म्हणजे ही लपाछपी होत नाही.

तिसरी गोष्ट तारखेची. ती सॉफ्टवेअरात नसून विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये असते, त्यामुळे कुणी सोबत आणत नाही. नवा कॉम्प्युटर चालू करताना दुकानदारानं घाईत अमेरिका निवडली, तर तारीख आधी महिना मग दिवस अशी वाचली जाते. मुनीम ०५/११ टाकतो, मनात ५ नोव्हेंबर. सॉफ्टवेअर ११ मे धरतं. चावट भाग पुढेच आहे. २५/११ टाकलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून व्हिज्युअल बेसिक आपल्या अकलेनं दिवस-महिना उलटवून २५ नोव्हेंबर बरोबर घेतं. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून पुढचं सगळं नीट, आणि १ ते १२ तारखांच्या पट्ट्या वर्षभर विखुरलेल्या. चूक संदेश एकही येत नाही. महिनाअखेरीला बेरीज लागत नाही तेव्हा कळतं. जुन्या कॉम्प्युटरवर रीजनची खिडकी उघडून मोबाइलनं तिचा फोटो काढला, आणि नव्यावर अक्षर न अक्षर तसंच लावलं, की हा विषय मिटतो.

पट्टीच्या कागदाचंही असंच. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर लांब गुंडाळीचा अर्धा कागद वापरत असाल, तर त्या मापाचं नाव विंडोजच्या प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेलं असतं. नव्यावर ते नाही, म्हणून दुसरी पट्टी वर सरकते आणि तिसरी आणखी वर. तिथलाही फोटो काढून घ्यायचा.

सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं, फॉक्सप्रोमधलं असेल तर मोटर बोअरात उतरत नाही म्हणतात ती गत. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. व्हीडॉस किंवा डॉसबॉक्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन त्याच्या आत ते चालवता येतं. व्हीडॉस धंद्याच्या कामासाठी केलेलं आहे आणि छपाई त्यातून सरळ निघते. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठीचं.

डीटीपीवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना कोरलड्रॉ बसवायला वेळ लागत नाही, अडतं ते फॉन्टावर. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुराच्या आत इंग्रजीचीच अक्षरचिन्हं असतात. फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसेल तर 'चि. सौ. कां.' च्या जागी कंस, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर कॉपी करावाच, पण विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्यांपासून काही फॉन्ट फक्त त्या युजरपुरते बसतात आणि ते ॲपडेटात वेगळे पडलेले असतात. तेही घ्या. श्री-लिपीसारख्या पॅकेजला यूएसबीचं लॉक असेल तर त्या लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजला चालणारा आहे का, हे कॉम्प्युटर विकत घेण्याआधी विचारा. कॉम्प्युटर आणल्यावर विचारून उपयोग नसतो. आणि टाइप करणाऱ्या मुलीच्या बोटांत कीबोर्डची कोणती मांडणी बसलीय, रेमिंग्टन का इनस्क्रिप्ट, हेही सेटिंगच आहे. ते चुकलं तर दिवसाचं काम थांबतं. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची रांग लागते, त्या दिवसांत या वाटेला जाऊ नका. आडतवाल्यांनी सोयाबीनच्या आवकेत आणि हिशोब लिहिणाऱ्यांनी मार्चमध्ये.

सेवा केंद्रवाल्यांनी अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर नव्यानंच बसवावा. सही टोकनच्या आतच राहते, कॉम्प्युटरवरून ती उचलायची नसते. त्यामुळे हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

आता परवाना. इथे क्रम महत्त्वाचा. पैसे भरून घेतलेल्या बऱ्याच सॉफ्टवेअरांचं लायसन्स एका कॉम्प्युटरला बांधलेलं असतं आणि ते सोडवायचं काम जुन्या कॉम्प्युटरवर, चालू स्थितीत, इंटरनेट जोडून करायचं असतं. टॅलीत याला लायसन्स सरेंडर म्हणतात: जुन्यावर सरेंडर, मग नव्यावर त्याच खात्यानं ॲक्टिव्हेट. कुणी डीॲक्टिव्हेट म्हणतं, कुणी नुसतं साइन आउट. आधी जुना फॉरमॅट केला आणि मग आठवलं, तर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावत बसावं लागतं. विंडोजचं स्वतःचं लायसन्स कॉम्प्युटरसोबत आलेलं, म्हणजे ओईएम असेल, तर ते त्याच यंत्राशी राहतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल असेल तर हलवता येतं. कॉम्प्युटरसोबत फुकट आल्यासारखं वाटलेलं ऑफिसही बहुधा त्याच यंत्रापुरतं असतं.

क्रॅकवाल्यांसाठी वेगळं सांगायची गरज नाही, त्यांना ठाऊकच आहे. नव्या विंडोजचं अँटीव्हायरस क्रॅक पहिल्याच मिनिटाला उचलून टाकतं, आणि अँटीव्हायरस बंद करून बँकेचे व्यवहार करणाऱ्याला मी तरी मदत करत नाही. पत्रं आणि एक्सेलच्या साध्या कामाला लिबरऑफिस पुरतं.

पासवर्डांचं एक सांगून ठेवतो. क्रोमचा सगळा फोल्डर कॉपी केला तरी जपून ठेवलेले पासवर्ड नव्यावर उघडत नाहीत, कारण विंडोज ते जुन्या कॉम्प्युटरवरच्या युजर खात्याच्या किल्लीनं बंद करतं. जुन्यावर गुगल खात्यानं सिंक चालू करावं, किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करून नव्यावर घ्यावेत आणि ती एक्स्पोर्टची फाइल लगेच पुसावी. त्या फाइलीत पासवर्ड उघडे असतात.

एवढ्या उपद्व्यापापेक्षा सगळी डिस्कच जशीच्या तशी उचलून का नेऊ नये? नेता येते. क्लोनझिलासारख्या साधनानं डिस्कची हुबेहूब प्रत बनते, विंडोज, रजिस्ट्री, सगळ्यासकट. दोन्ही कॉम्प्युटर साधारण एकाच पिढीचे असतील तर बऱ्याचदा चालूनही जातं. पण कॉम्प्युटर सुरू करण्याची पद्धत जुन्याची बायोस आणि नव्याची फक्त यूईएफआय असली, तर प्रत बूटच होत नाही. डिस्कची आखणी जुन्या एमबीआर पद्धतीची नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते, त्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा पडला तर विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडतं. आणि हे सगळं पार पाडून हातात येतं ते दहा वर्षांच्या कचऱ्यासकट तेच विंडोज १०, ज्याच्यामुळे नवा कॉम्प्युटर घ्यावा लागला. म्हणून मी क्लोनच्या बाजूचा नाही. पीसीमूव्हरसारखी पैशांची सॉफ्टवेअरं फाइली आणि रजिस्ट्रीच्या नोंदी दोन्ही उचलून नेतात. साध्या सॉफ्टवेअरांना ती उपयोगी पडतात, पण परवाना आणि ड्रायव्हर पुन्हा आपल्यालाच बघावे लागतात.

ज्याचा सेटअप नाही, लिहिणारा सापडत नाही आणि ज्याच्याशिवाय दुकान उघडत नाही, अशा एखाद्याच सॉफ्टवेअरसाठी मात्र एक चांगली वाट आहे. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं डिस्क२व्हीएचडी हे मोफत साधन चालू कॉम्प्युटरची एका फाइलीत प्रत करतं. ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स या, कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरात उघडली की खिडकीच्या आत जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा सुरू होतो. सगळ्या वेळी पहिल्या झटक्यात होत नाही, रॅम किमान १६ जीबी असावी, आणि ओईएम विंडोजचा परवाना असल्या वापराला लागू होत नाही, हे लक्षात ठेवून. त्या आतल्या विंडोजला इंटरनेट देऊ नका. पट्टी छापायला इंटरनेट लागत नाही.

राहिला जुना कॉम्प्युटर. एक्स्चेंजमध्ये हजार-पाचशे सुटतात म्हणून तो त्याच दिवशी देऊन टाकायची घाई बहुतेक जण करतात, आणि मला सगळ्यात जास्त अडवायला लागतं ते इथेच. कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचं होतं, कोणता फॉन्ट कुठून आला, प्रिंटर कोणत्या पोर्टवर होता, हे लिहून ठेवलेलं कुठेच नसतं. ते फक्त त्या यंत्रात असतं. तो चालू आहे तोवर कंट्रोल पॅनेलमधली बसवलेल्या प्रोग्रामांची यादी वरपासून खालपर्यंत मोबाइलमध्ये टिपून घ्या. विनगेट ही आज्ञा देऊन सॉफ्टवेअर उतरवायची विंडोजची सोय वापरता येत असेल तर त्याच्या एक्स्पोर्ट आज्ञेनं एक फाइल मिळते, आणि नव्यावर इम्पोर्ट केलं की त्यातली ओळखीची सॉफ्टवेअरं एका दमात उतरतात. डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय चालू आहे का बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर डिस्क दुसरीकडे जोडल्यावर उघडणार नाही. मग दोन्ही कॉम्प्युटर शेजारी ठेवून एक महिनाअखेर काढा: तोच हिशोब, तीच बेरीज, तीच पट्टी दोन्हीकडे. जुळलं की जुन्यातली डिस्क काढून घ्या, वर साल लिहा आणि तिजोरीत टाका. एक्स्चेंजवाला डिस्कशिवाय शे-दोनशे कमी देईल, देऊ द्या.